ऑनलाइन एमबीए महिलांसाठी सोयीचं म्हणतात. पण अभ्यासाचे तास आणायचे कुठून?

“नोकरी सांभाळून एमबीए”, “घरबसल्या एमबीए”, “करिअर ब्रेकनंतर नवी सुरुवात”. मोबाइलवर रील्स बघताना अशा जाहिराती आता दर दोन मिनिटांनी येतात. त्यातल्या बऱ्याच जाहिरातींमध्ये एक बाई दिसते. समोर लॅपटॉप, शेजारी खेळणारं मूल आणि चेहऱ्यावर हसू.

जाहिरातीत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे घड्याळ.

लवचिक शिक्षणामुळे महिलांसाठी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीचं दार उघडलं, हे खरं आहे. पूर्वी एमबीए करायचं तर नोकरी सोडा, शहर बदला, दोन वर्षं वर्गात बसा, हाच मुख्य मार्ग होता. आता तसं नाही. कायद्यानेही या पदवीला पूर्ण मान्यता दिली आहे. तरीही “लवचिक” म्हणजे नेमकं काय लवचिक, आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजून घेतल्याशिवाय “ताई, तुम्हीही एमबीए करा” हा सल्ला अर्धाच राहतो.

एमबीएच्या रांगेत महिला किती?

देशात एकूण उच्च शिक्षणात मुली मागे राहिलेल्या नाहीत. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुलींचं नोंदणीचं प्रमाण २८.५ टक्के, तर मुलांचं २८.३ टक्के होतं.

पण आयआयएमच्या दाराशी चित्र बदलतं. कॅट २०२४ ही परीक्षा सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. त्यात महिला साधारण ३७ टक्के होत्या. म्हणजे प्रवेश, मुलाखत, शुल्क हे सगळं पुढचं. मुळात रांगेत उभ्या राहणाऱ्यांमध्येच दर तिघांमागे साधारण एक महिला आहे.

याचं एक मोठं कारण वयात आहे. चांगल्या एमबीएसाठी दोन-चार वर्षांचा कामाचा अनुभव असला तर बरं, असं मानलं जातं. म्हणजे पदवीनंतर नोकरी आणि मग पंचवीस ते तिशीच्या दरम्यान पुन्हा शिक्षण. आपल्याकडे नेमकी हीच वर्षं लग्नाची आणि पहिल्या बाळंतपणाची असतात. मुलगा या वयात एमबीएला गेला तर घर म्हणतं, “शिकतोय.” मुलगी गेली तर घर विचारतं, “अजून किती शिकणार?”

आयआयएमनी यावर आपल्या परीने उपाय केले. आयआयएम कोझिकोडमध्ये २०१३ च्या तुकडीत निम्म्याहून जास्त मुली होत्या. याच संस्थेने २०१९ पासून महिलांसाठी ६० जादा जागा ठेवल्या. पण या सगळ्या जागा पूर्णवेळ, निवासी अभ्यासक्रमाच्या. ज्या बाईला घर, मूल किंवा नोकरी सोडून दोन वर्षं बाहेर राहता येत नाही, तिच्यापर्यंत हे उपाय पोहोचत नाहीत. तिच्यासाठी मार्ग आहे तो लवचिक शिक्षणाचा.

लवचिक एमबीए म्हणजे नेमके कोणते पर्याय?

आज साधारण चार मार्ग दिसतात.

पहिला, दूरशिक्षण. १९८५ साली स्थापन झालेलं इग्नू आणि १९८९ साली नाशिकमध्ये सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही त्यातली ओळखीची नावं. पुस्तकं घरी, जवळच्या अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन आणि ठरलेल्या केंद्रावर परीक्षा, अशी ही पद्धत. मुक्त विद्यापीठाचं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीदच आहे.

दुसरा, ऑनलाइन पदवी. यात व्याख्यानं, साहित्य, चाचण्या सगळं इंटरनेटवर. दूरशिक्षणात राज्य विद्यापीठांना आपल्या भौगोलिक हद्दीची मर्यादा असते, ऑनलाइन पदवीला ती नाही. त्यामुळे गडहिंग्लजमधली बाई दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची पदवीही घेऊ शकते.

तिसरा, संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग. मुंबई विद्यापीठाच्या मार्केटिंग, फायनान्स आणि मनुष्यबळ विकास या विषयांतल्या तीन वर्षांच्या अर्धवेळ पदव्युत्तर पदव्या मुंबईतल्या नोकरदारांमध्ये जुन्या आणि परिचित आहेत.

चौथा, मोठ्या संस्थांचे मिश्र अभ्यासक्रम. बरेचसे वर्ग ऑनलाइन आणि अधूनमधून काही दिवस कॅम्पसवर. २०१७ च्या आयआयएम कायद्याने या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर आयआयएमही या बाजारात जोरात उतरल्या.

खर्चातली तफावत प्रचंड आहे. इग्नूचं संपूर्ण एमबीए साधारण साठ-सत्तर हजार रुपयांत होतं. आयआयएम अहमदाबादच्या नोकरदारांसाठीच्या दोन वर्षांच्या मिश्र एमबीएचं शुल्क २० लाखांच्या घरात जातं. दोन्ही ‘नोकरी सांभाळून एमबीए’च आहेत, पण एकाच बाईसमोरचे पर्याय नाहीत.

ही पदवी खरी मानली जाते का?

हो. हा प्रश्न कायद्याच्या पातळीवर निकालात निघाला आहे.

यूजीसीने सप्टेंबर २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी नवे नियम आणले. मान्यताप्राप्त संस्थेतून या पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची समजली जाईल, हे सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभाही दिली.

मधेच शिक्षण थांबवावं लागलं तर काय, याचीही सोय झाली आहे. २०२१ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये मिळवलेली क्रेडिट्स जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. बाळंतपण, बदली किंवा घरातलं आजारपण यामुळे ज्यांचं शिक्षण तुटतं, त्यांच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. विद्यापीठांनी विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्यासाठी नियम करावेत, असंही यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये कळवलं होतं.

थोडक्यात, कागदावर बाईसाठी बरीच जागा करून दिलेली आहे. अडचण पुढे आहे.

मग अडतं कुठे?

अडतं ते तासांच्या हिशोबात.

दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. एका सत्रात असे पाच विषय घेतले, तर झाले ६०० तास. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला सुमारे २३ तास आणि दिवसाला तीन तासांहून थोडे जास्त. रविवार, सणवार, पाहुणे सगळं धरून, एकही दिवस न चुकवता.

आता दुसरा आकडा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या घरकाम करणाऱ्या महिला रोज सरासरी ३०५ मिनिटं, म्हणजे पाच तास, बिनपगारी घरकामात घालवतात. घरकामात हात लावणारे याच वयातले पुरुष साधारण दीड तास देतात. २०१९ च्या सर्वेक्षणात महिलांचा हाच आकडा ३१५ मिनिटं होता. पाच वर्षांत ओझं कमी झालं ते दहा मिनिटांनी.

मुलं आणि वडीलधाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही. ती करणाऱ्या महिलांचे त्यात आणखी सुमारे १४० मिनिटं जातात, पुरुषांचे ७४.

ही सरासरी नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या अशा सगळ्या महिलांची मिळून आहे. नोकरदार बाईचं घरकाम थोडं कमी भरेल. ते चार तास धरू. ऑफिस नऊ तास, येणं-जाणं दोन तास, झोप सात तास. एकूण झाले बावीस. उरलेल्या दोन तासांत आंघोळ, जेवण, मुलाचा गृहपाठ, दोन घटका टेकणं आणि त्यातच तीन तासांचा एमबीएचा अभ्यास बसवायचा. गणित जमत नाही.

मग ते कुठून भागवलं जातं? बहुतेक वेळा झोपेतून. घर निजल्यावर रात्री अकराला लॅपटॉप उघडतो आणि पहाटे पाचला डबे सुरू होतात. लवचिक असतं ते वेळापत्रक. ताण मात्र बाईच्या शरीरावर येतो.

संध्याकाळच्या वर्गांचंही तेच. ऑफिस सुटल्यावर वर्ग ही सोय पुरुषाला सहज वाटते. बाईसाठी तीच वेळ कुकर लावण्याची, मुलाला पाळणाघरातून आणण्याची आणि लोकल पकडण्याची असते.

महाराष्ट्रात मुलींना शिक्षण मोफत आहे ना?

इथे एक महत्त्वाची मेख आहे.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी ही सवलत ५० टक्के होती. त्यामुळे एमबीएसाठी सीईटी देऊन पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्या मुलींच्या खर्चाचा मोठा भार उतरला.

पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठं तिच्या बाहेर आहेत. दूरशिक्षण आणि ऑनलाइन एमबीएचे प्रवेश कॅपमधून होतच नाहीत.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. बावीस वर्षांची, लग्न न झालेली, रोज कॉलेजला जाऊ शकणारी मुलगी सवलतीत बसते. तिला ती मिळायलाच हवी. पण बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, जिने लग्नानंतर शिक्षण थांबवलं आणि जिला रोज कॉलेजला जाणं शक्यच नाही, तिने ऑनलाइन एमबीए घ्यायचं ठरवलं तर शुल्क तिच्या खिशातून जातं. स्वतःचा पगार नसेल तर ते नवऱ्याकडे मागावं लागतं. घरात मुलांच्या क्लासची फी आणि आईच्या एमबीएची फी समोरासमोर आली की कोणती आधी भरली जाते, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

कर्ज काढलं तर आयकर कायद्याखाली व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या शिक्षणासाठीही ती मिळते. पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. आणि जिला उत्पन्नच नाही, तिला या वजावटीचा स्वतःसाठी काही उपयोग नाही.

पदवी मिळाली की नोकरी मिळते का?

इथे दोन वेगवेगळ्या महिलांचा विचार वेगवेगळा करायला हवा.

पहिली आधीच नोकरीत आहे. बँकेत, आयटी कंपनीत, रुग्णालयाच्या प्रशासनात किंवा कारखान्याच्या खरेदी विभागात. बढतीसाठी पदव्युत्तर पदवीची अट आहे किंवा पदवी असली तर पारडं जड होतं. तिच्यासाठी लवचिक एमबीए बऱ्यापैकी कामाचं ठरतं. अनुभव तिच्याकडे आहे, पदवी त्यात भर घालते.

दुसरी पाच-सात वर्षं घरी आहे. तिच्यासाठी पदवी हे पहिलं पाऊल असतं, शेवटचं नाही. पूर्णवेळ एमबीएचं अर्धं मोल कॅम्पस मुलाखती, इंटर्नशिप आणि वर्गमित्रांच्या ओळखीत असतं. घरी बसून केलेल्या पदवीत नेमकं हेच कमी पडतं. अशा महिलेने पदवीसोबत कामाचा ताजा अनुभव मिळवणंही गरजेचं असतं. टाटा समूहाने २००८ मध्ये करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी ‘सेकंड करिअर’ नावाने उपक्रम सुरू केला, तो याच गरजेतून. त्यानंतर इतर कंपन्यांनीही परतणाऱ्या महिलांसाठी असे कार्यक्रम आणले.

बाजाराचं एकूण चित्रही लक्षात ठेवावं लागेल. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील महिलांचा कामातला सहभाग ४१.७ टक्के आहे. २०१७-१८ मध्ये तो २३.३ टक्के होता. वाढ मोठी दिसते, पण तिचा जोर ग्रामीण भागात आहे. शहरांमध्ये हा आकडा २८ टक्केच आहे आणि शहरी पुरुषांचा ७५ टक्क्यांच्या वर. एमबीएच्या नोकऱ्या बहुतेक शहरांतच असतात.

वरच्या पदांचंही तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणं बंधनकारक केलं. सेबीने एप्रिल २०२० पासून पहिल्या हजार कंपन्यांना एक स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावली. संचालक मंडळाची ती खुर्ची कायद्याने मिळाली. पण तिथपर्यंत जाणारी मधली पायरी, म्हणजे व्यवस्थापक आणि विभागप्रमुख होण्याची वर्षं, याच तीस ते चाळीसच्या वयात निसटते.

म्हसवडमधून काय शिकता येईल?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २००६ पासून माणदेशी फाउंडेशनने ग्रामीण महिलांसाठी उद्योग-व्यवसायाचं शिक्षण सुरू केलं. शेळ्या पाळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी. त्यातल्या एका कार्यक्रमाचं नावच ‘देशी एमबीए’ आहे. ही विद्यापीठाची पदवी नाही आणि तसा दावाही नाही.

पण लवचिकतेचा अर्थ तिथे नेमका कळतो. बाईला शाळेपर्यंत येणं जमत नाही, तर शाळाच बसमध्ये घालून गावात नेली. आधी बाईचा दिवस पाहिला आणि मग वर्ग ठरवला. मोठ्या विद्यापीठांच्या ऑनलाइन एमबीएमध्ये बऱ्याचदा याच्या उलट होतं. वर्ग आधी ठरतो आणि त्यात आपला दिवस बसवण्याची जबाबदारी बाईवर येते.

प्रवेश घेण्याआधी काय तपासावं?

एक, मान्यता. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि ते सत्र या तिन्हींची नोंद आहे का ते बघावं. संस्था मान्य असली म्हणजे तिचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतो, असं नाही.

दोन, डीईबी आयडी. सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी तो काढणं आवश्यक केलं आहे. “त्याची गरज नाही, आम्ही बघतो” असं एजंट म्हणाला तर तिथेच थांबावं.

तीन, मधला माणूस. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला देता येत नाही. एडटेक कंपन्यांबाबत यूजीसीने जानेवारी २०२२ मध्ये तसा इशारा दिला आहे. शुल्क भरताना पावती विद्यापीठाची आहे ना, हे बघावं.

चार, नाव. ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींबद्दलही यूजीसीने सावध केलं आहे. प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नामांकित संस्थेचं ‘एक्झिक्युटिव्ह’ प्रमाणपत्र उपयोगी असू शकतं, पण ते एमबीए नव्हे.

पाच, मुदत. जाहिरात दोन वर्षांची असते, पण बहुतेक ठिकाणी पूर्ण करायला जास्त काळ मिळतो. इग्नूत एमबीएसाठी कमाल चार वर्षं आहेत. वरचाच हिशोब चार वर्षांवर पसरवला, तर रोजचे तीन-सव्वातीन तास पावणेदोनच्या आत येतात. पहिल्याच दिवसापासून लांबच्या मुदतीचं नियोजन करणं हा शहाणपणा आहे. तो मागे पडणं नव्हे.

मग प्रोत्साहन म्हणजे नेमकं काय?

महिलांना “शिका” असं सांगण्याची गरज आता फारशी उरलेली नाही. त्या शिकतायत, हे आकडे सांगतात. त्यांना हवं आहे ते शिकण्यासाठी मोकळा तास आणि त्याच्या शुल्काची तजवीज.

सरकारला शुल्कमाफीचा लाभ मुक्त विद्यापीठातल्या आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन एमबीएतल्या पात्र महिलांपर्यंत नेता येईल. कंपन्यांना शुल्काचा वाटा उचलता येईल आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी देता येईल. विद्यापीठांना थेट वर्गांची वेळ ठरवण्याआधी विद्यार्थिनींना विचारता येईल.

आणि घराला? तिथे ना जीआर लागतो, ना यूजीसीचं पत्र. तिचे पाच तास आणि त्याचा दीड तास यांमधलं अंतर एका तासाने कमी करायचं तर घरातल्या पुरुषाने रोज फक्त अर्धा तास जास्त काम करायचं आहे. तो अर्धा तास तिच्या अभ्यासाच्या खात्यात जमा होतो. वर्षभरात असे १८२ तास साठतात, म्हणजे चार क्रेडिटचे दीड विषय. ‘घरबसल्या एमबीए’च्या जाहिरातीत हा अर्धा तास कुठेच लिहिलेला नसतो. पण बऱ्याच घरांत पदवी पूर्ण होणार की अर्धवट राहणार, हे तोच ठरवतो.